आधी म्यान बघ, मग पातं

प्रश्न : काका, मी गोव्यात सत्तरी तालुक्यात राहते, वय 27. कृषी पदवीनंतर घरचं कुळागर (पोफळी-माडांची बाग) आणि लहानशी रोपवाटिका बघते. आठवड्यातले तीन दिवस पणजीत एका कार्यालयात काम असतं, स्कूटरने ये-जा करते. रोज काहीतरी कापायचं असतं: सुंभ, ठिबकची नळी, खताची गोण, केळीचा घड, मिरवेल बांधायच्या दोऱ्या. प्रत्येक वेळी कोयती काढणं जड जातं. म्हणून घडी न होणारी, लहान सुरी रोज जवळ ठेवावी असं मनात आहे. ऑनलाइन एक बघून ठेवली आहे. पातं पाच मिलीमीटर जाड, पोलाद डी-टू, म्यान कातड्याचं. बाबा म्हणतात, घडीचा चाकू घे. आई म्हणते, कमरेला सुरी लावून फिरायचं नाही. आणि खरं सांगायचं तर रात्री उशिरा एकटीने परतताना जवळ काहीतरी असलेलं बरं, हाही विचार आहेच. काय घेऊ? पोलिसांनी अडवलं तर?

उत्तर : तुझं पत्र मला आवडलं, कारण रोज काय कापायचं असतं ते तू आधी लिहिलंस. सुरीची निवड तिथूनच सुरू होते. पण आधी मी तुझ्या शेवटच्या विचाराबद्दल बोलणार आहे. तो माझ्या मनाला लागून राहिला.

रात्री एकटीने घाटातल्या किंवा रानातल्या रस्त्याने येताना भीती वाटणं अगदी साहजिक आहे. पण त्या भीतीसाठी सुरी घेऊ नकोस. तू मुलगी आहेस म्हणून हे सांगत नाही, माझ्या मुलालाही मी हेच सांगितलं होतं. सुरी कामाला यायची तर समोरचा हातभर अंतरावर यावा लागतो, आणि तो इतका जवळ आल्यावर ती कोणाच्या हातात राहील हे कोणीच सांगू शकत नाही. त्यात तुझ्या डोक्यावर हेल्मेट, अंगात रेनकोट, खांद्याला बॅग. अशा वेळी गाडी न थांबवणं, हॉर्न दाबून धरणं, उजेड आणि माणसं दिसतील तिथवर जाणं आणि 112 लावणं, यानेच माणूस वाचतो. निघताना घरच्या कोणालातरी फोनवरून लोकेशन पाठवत जा. शक्य असेल तर त्या तीन दिवसांपैकी उशीर होणाऱ्या दिवसाबद्दल कार्यालयात स्पष्ट बोल. ही अडचण खरी आहे आणि तिच्याकडे तिची म्हणूनच बघायला हवं, सुरीच्या आडून नको.

यात कायद्याचाही एक मुद्दा आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राची व्याख्या करताना हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली वस्तू असं म्हटलं आहे, आणि निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे ‘बचावासाठी ठेवली आहे’ असं तू स्वतःच म्हणालीस की अवजार शस्त्राच्या बाजूला झुकतं. कामाची सुरी कामाचीच राहू दे.

आता बाबांचं म्हणणं. घडीचा चाकू शहरात चांगलाच. मिटला की धार आत जाते, खिशात मावतो, बघणाऱ्यालाही धास्ती वाटत नाही. पण तुझं अर्धं आयुष्य कुळागरात जातं. फणसाचा चीक एकदा बिजागरीत शिरला की काय होतं ते बाबांनाही ठाऊक असेल. चीक सुकतो, त्यावर माती बसते, मग चाकू उघडायला दोन्ही हात आणि दात लागतात. घामाचं मीठ आत बसतं आणि जिथे कापड पोचत नाही तिथेच गंज धरतो. घडी न होणाऱ्या सुरीला नळाखाली धरलं, फडक्याने पुसलं की झालं. पात्यापासून मुठीपर्यंत सगळं डोळ्यासमोर असतं. तेव्हा कुळागरासाठी तुझा विचार बरोबर आहे. पणजीसाठी बाबांचा बरोबर आहे.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. घडीच्या चाकूचं म्यान त्याच्या मुठीतच असतं. न मिटणाऱ्या सुरीचं म्यान वेगळं असतं, आणि ती सुरी तुला इजा करणार की नाही हे बहुतांशी त्या म्यानावर ठरतं. लोक पात्याचे फोटो बघून सुरी घेतात, म्यान जे मिळेल ते. मीही तसंच केलं होतं.

आमच्या घरी वडिलांची लाकडी आकडी होती. कमरेला दोरीने बांधायची आणि मागे कोयती अडकवायची. तू ती पाहिली असशील, अजूनही सत्तरी-पेडण्यात माडावर चढणारे वापरतात. तिच्याकडे नीट बघ. ती पात्याला झाकत नाही, नुसतं पेलते. पावसात भिजली तरी पाणी थांबायला जागाच नाही, वारा लागतो, चालता चालता पातं सुकतं. वडिलांची कोयती साध्या लोखंडाची होती आणि तिच्यावर गंज बसलेला मी कधी पाहिला नाही. आकडी कोयतीला चालते, कारण कोयतीला पुढे सरळ टोक नसतं आणि धार आतल्या वळणात असते. टोकदार सुरीला ती चालायची नाही. पण तिच्यातली ही गोष्ट मी त्या वेळी ओळखायला हवी होती.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायचो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एक सुंदर सुरी घेतली, शिवलेल्या कातडी म्यानासकट. जून उजाडला. डिचोलीहून येताना वळणावर शेवाळलेल्या रस्त्यावर स्कूटर घसरली आणि मी उजव्या कुशीवर पडलो. गुडघा खरचटला एवढंच वाटलं. उठलो तर पँट ओली, आणि ती पावसाने नव्हे. चार दिवसांच्या पावसात कातडं भिजून मऊ पडलं होतं, खालची शिवण सुटली होती, आणि पडताना टोक तिथून बाहेर येऊन मांडीत गेलं होतं. सात टाके पडले. डॉक्टरांनी टाके घालताना बोटाने दाखवलं, जखम चार बोटं आतल्या बाजूला असती तर मांडीतली मोठी रोहिणी होती. घरी येऊन सुरी काढून बघितली तर जिथे जिथे ओलं कातडं टेकलं होतं तिथे पात्यावर तपकिरी नक्षी उठलेली. एकाच म्यानाने माणूसही जखमी केला आणि पातंही खाल्लं.

म्हणून तुझ्या त्या ऑनलाइन सुरीचं कातडी म्यान मला नको वाटतं. कातडं पाणी, घाम आणि मीठ धरून ठेवतं. आपल्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिलीमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एवढ्या ओलीत कातडं चार महिने सुकतच नाही. तू साचेबंद प्लॅस्टिकचं म्यान घे. कायडेक्स म्हणून जे मिळतं ते गरम करून पात्याच्या आकारावर दाबून बसवलेलं प्लॅस्टिकच असतं. स्वस्तातल्या चांगल्या सुऱ्यांना पॉलिप्रॉपिलीनचं म्यान येतं, तेही चालेल. बघायचं ते असं. म्यानाच्या तळाला पाणी जायला भोक हवं. सुरी आत घालून म्यान गादीवर उलटं धर आणि जोरात हलव, सुरी जागची हलता कामा नये. मग काढून बघ. अंगठा म्यानाच्या कडेवर टेकवून रेटा दिला की टक् आवाज होऊन सुरी सुटली पाहिजे. हिसका मारून काढावी लागते ते म्यान घेऊ नकोस, कारण हिसक्याने निघालेला हात कुठे जाऊन थांबेल ते सांगता येत नाही.

सुरी काढताना फारसं कोणी कापून घेत नाही. कापतं ते परत ठेवताना, बोलता बोलता, दुसरीकडे बघत. म्यानाकडे बघूनच सुरी आत घालायची, आणि दुसऱ्या हाताची बोटं म्यानाच्या तोंडापाशी ठेवायची नाहीत. ही सवय पहिल्या दिवसापासून लाव.

कुठे बांधायची? उजव्या हाताने काम करत असशील तर उजव्या कमरेवर, शिवणीच्या किंचित मागे. पोटापुढे नको, वाकलं की टोक जांघेकडे वळतं. पाठीच्या मधोमधही नको, पडलीस तर मणक्याखाली येईल. गळ्यात दोरीने अडकवायची एक पद्धत निघाली आहे. कुळागरात दोरी फांदीत अडकते आणि स्कूटरवर तर ती नकोच नको. स्कूटरवर बसायच्या आधी सुरी कमरेवरून काढून बॅगेच्या आतल्या कप्प्यात टाकायची. आईच्या म्हणण्यातला अर्धा भाग इथेच पाळला जातो, आणि तो पाळण्यासारखाच आहे.

म्यान ठरलं, आता पोलादाकडे वळू. तू डी-टू लिहिलं आहेस. ते पोलाद वाईट नाही, धार खूप दिवस टिकते. पण जाहिरातीत त्याला जवळजवळ स्टेनलेस म्हणतात, ते आपल्याकडे खोटं ठरतं. त्यात क्रोमियम 12 टक्क्यांच्या आसपास असतं, आणि स्टेनलेस म्हणायला साधारण साडेदहा टक्के पुरतं. मग ते गंजतं का? त्यात कार्बनही दीड टक्का असतो. एवढा कार्बन क्रोमियमचा बराच भाग स्वतःशी बांधून त्याचे कठीण कण बनवतो. धार टिकते ती त्या कणांमुळे, पण गंजाला अडवायला मोकळं क्रोमियम कमी उरतं. याउलट 12सी27 नावाच्या स्वीडिश पोलादात कार्बन 0.6 टक्का आणि क्रोमियम साडेतेरा टक्के असतं. धार थोडी लवकर जाते, पण दोन मिनिटांत परत येते, आणि गंजाला ते चांगलं तोंड देतं. त्याचाच पुढचा भाऊ 14सी28एन, त्यात थोडा नायट्रोजन घातलेला असतो, तो याहून बरा. तुझ्यासाठी मी या दोघांतलंच पोलाद निवडेन.

तू म्हणशील, समुद्र तर लांब आहे, सत्तरीत खारा वारा कुठला? पण तू खताच्या गोणी कापतेस. पांढरं किंवा तांबूस पोटॅश, ज्याला म्युरेट म्हणतात, ते म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मिठाचा सख्खा भाऊ. स्टेनलेसवर क्रोमियमची जी न दिसणारी पातळ साय असते ती क्लोराइडनेच फुटते, आणि मग टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. गोण कापून सुरी तशीच म्यानात घातलीस तर कोणतंही पोलाद तुला माफ करणार नाही. त्यावर तुझा घाम, कोवळ्या सुपारीचा रस, काजूच्या बोंडूचा रस, भिरंडाचं (कोकमाचं) आंबट. सुपारीत टॅनिन असतं. ते लोखंडाला लागलं की काळं होतं, पूर्वी शाई याच मार्गाने करत. साध्या कार्बन पोलादाच्या सुरीने हिरवी सुपारी कापलीस तर पातंही काळं, सुपारीही काळी आणि बोटंही काळी.

याच विषयातली आणखी एक गोष्ट. सुपारीच्या कोळेरोगावर फवारायचं बोर्डो मिश्रण तयार झालं की त्यात लोखंडी पातं बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, अजून चुना हवा. त्या परीक्षेला ही सुरी वापरू नकोस. ती परीक्षा साध्या लोखंडावरच नीट होते. त्यासाठी एखादा जुना विळा पंपाशेजारी टांगून ठेव.

आता ते पाच मिलीमीटर. फोटोत जाड पातं दणकट दिसतं, म्हणून विकलं जातं. घरी एक प्रयोग कर. एक जाडसर गाजर घे. आईच्या स्वयंपाकघरातल्या पातळ सुरीने मधोमध काप. आवाज येणार नाही, फोड ओली आणि गुळगुळीत निघेल. मग कोयतीने तेच कर. अर्ध्यावर गेल्यावर कड् आवाज होतो आणि उरलेलं गाजर आपोआप तडकतं. धार दोन्हींना असली तरी जाड पातं पाचरीसारखं फोडत जातं. सुंभ आणि ठिबकची नळी यांना पाचर नको, कापणं हवं. पाठीकडची जाडी दोन ते तीन मिलीमीटर घे, त्याहून जास्त नको. आणि पाठीच्या जाडीपेक्षाही धारेच्या अगदी मागे पातं किती पातळ आहे ते बघ. दोन नखांच्या चिमटीत धारेपासून वर सरकवत नेलं की ते कळतं. लगेच जाड लागलं तर ती सुरी कापणार नाही, ढकलणार.

जाड पातं लोक घेतात कशासाठी? उचकटायला. कालवं उघडायला, डब्यांची झाकणं काढायला, नारळ सोलायला. यातलं काहीही या सुरीने करायचं नाही. नारळाला सुळा आहे, शहाळ्याला कोयता आहे, डब्याला चमचा आहे. लहान सुरीचं टोक मोडतं ते उचकटतानाच, आणि मोडलेला तुकडा डोळ्याच्या दिशेने उडतो. वर्कशॉपमध्ये मी ते दोनदा पाहिलं आहे.

लांबी साडेसात ते नऊ सेंटिमीटर पुरे. त्यात केळीचा घड उतरतो, फणसाची पाव, म्हणजे मधला दांडा, मोकळी होते, चवथीच्या माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या मांडणीचं) सामान बांधता-कापता येतं. धार एकाच बाजूला हवी, पाठ बोथट हवी, म्हणजे गरज पडली तर अंगठा पाठीवर ठेवून दाब देता येतो. काळी रंगवलेली, दोन्हीकडे धार असलेली, दातेरी आणि भोकाभोकांची पाती बाजूला ठेव. तुझ्या कामात त्यांचा उपयोग नाही आणि पाहणाऱ्याला त्यांत अवजार दिसत नाही.

मुठीबद्दल थोडक्यात. मूठ पात्यापेक्षा लांब असली तरी हरकत नाही, चारही बोटं बसली पाहिजेत. नुसती दोन-तीन बोटं मावतील अशा इवल्या सुऱ्या दिसायला गोड असतात, पण ओल्या हाताने सुंभ ओढून कापताना मुठीतून फिरतात. पात्याजवळ मुठीला फुगवटा किंवा लहानसा आडवा ओठ हवा, म्हणजे हात धारेवर घसरत नाही. तुझा हात लहान असेल, तेव्हा शक्य असेल तर हातात धरून बघूनच घे. लाकडी मूठ मला स्वतःला फार आवडते, पण आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि रिव्हेटशी फट पडते. रबरी किंवा खरबरीत प्लॅस्टिकची मूठ घे. कापड आणि राळ दाबून केलेली मायकार्टाची मिळाली तर उत्तम, ती ओली झाली की जास्तच घट्ट धरते.

‘मग आपल्या लोहाराकडून का नको?’ असं तुझ्या मनात येईल. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जा, घडवलेल्या कोयत्या, विळे, विळ्या मांडलेल्या असतात. मी अजूनही गेलो की हातात घेऊन बघतो. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं पोलाद, त्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का, तापवून घडवलेलं आणि पाणी दिलेलं, म्हणजे एकदम थंड करून कडक केलेलं. चांगला लोहार पातं लाल करून चुंबक लावून बघतो. चुंबक चिकटेनासं झालं की ते तेलात बुडवायच्या बेताला आलेलं असतं. मग पुन्हा हलकं तापवून गवताच्या पिवळ्या रंगावर आणतो, म्हणजे पातं काचेसारखं ठिसूळ राहत नाही. कानस फिरवून बघ. धारेवरून कानस घसरली तर पाणी चांगलं चढलं आहे, चावली तर पातं मऊ आहे. कोयती तू तिथूनच घे, तिच्या तोडीची कंपनीची वस्तू नाही. पण लहान सुरी कमरेला बंद म्यानात राहणार, दिवसभर घामात. तिथे साधं पोलाद टिकवायचं तर दर दोन तासांनी पुसावं लागेल. माडी काढणारा रेंदेर आपल्या कातीला (त्याच्या कोयतीला) दिवसातून किती वेळा धार लावतो आणि किती जपतो ते बघितलंस तर तेवढा वेळ आपल्याकडे नाही हे पटेल.

कलमांसाठी मात्र हीच सुरी वापरायची नाही. काजूचं मृदुकाष्ठ कलम किंवा आंब्याचं कोय कलम करताना काप आरशासारखा सपाट हवा, तरच दोन्हीकडच्या साली आतून जुळतात. म्हणून कलमाच्या चाकूची धार पात्याच्या एकाच अंगाने घासून काढलेली असते. गोणी आणि मातीची दोरी कापलेल्या पात्याने कलम केलंस तर काप फाटेल आणि रोगही एका रोपातून दुसऱ्यात जाईल. तो चाकू वेगळा, त्याची पेटी वेगळी, प्रत्येक रोपानंतर स्पिरिटचा बोळा. तू कृषी शिकलेली आहेस, तुला हे माहीत आहे. पण हातात नवी सुरी आली की मोह होतो.

आता पोलिसांचा प्रश्न. शस्त्र नियमांच्या यादीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या येतात, आणि घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या त्यातून वगळल्या आहेत. तुझी साडेतीन इंची सुरी त्या मापाच्या कुठेच जवळ नाही. पण याचा अर्थ ती कुठेही नेता येते असा मुळीच नाही. निवडणुकीच्या काळात किंवा गडबडीच्या वेळी जिल्हाधिकारी जमावबंदीबरोबर हत्यारं बाळगण्यावर बंदी घालू शकतात. जत्रा, शिगमो, कार्निव्हलची गर्दी, न्यायालय, सरकारी कार्यालय, इथे सुरी घरी. दाबोळी असो की मोपा, विमानात हातातल्या बॅगेत ती चालत नाही, सामानात द्यायची तर गुंडाळून. पणजीच्या तीन दिवसांत तुला खरोखर काय कापायचं असतं? पार्सलची पट्टी. त्याला ड्रॉवरमधली कात्री पुरे. ते तीन दिवस सुरी कुळागरातल्या खुंटीवर राहू दे.

सत्तरीतलं म्हणून एक खास सांगतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. म्हादई अभयारण्य 1999 मध्ये जाहीर झालं आणि त्याची हद्द तुमच्या कित्येक गावांना लागून आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 31 प्रमाणे अभयारण्यात शस्त्र घेऊन जायला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत सुरीचंही नाव आहे. तिथे इंचांचा हिशेब नाही. चवथीच्या आधी माटोळीसाठी रानातली फळं-वेली शोधत आपण कधी हद्द ओलांडतो ते कळतही नाही. त्या दिवसांत कमरेला काही नको, आणि वनखात्याच्या चौकीवर आधी विचारून घे.

निगा फार नाही. संध्याकाळी साध्या पाण्याने धुवायची, पुसायची, म्यानही उलटं टांगून सुकवायचं, रात्रभर दोघं वेगवेगळी. पावसाळ्यात पात्यावर तेलाचा हलका हात. खोबरेल तेल रोजच्या रोज वापरात असलेल्या सुरीला ठीक, पण महिनाभर ठेवायची असेल तर ते नको. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं ते लाव, ते खराब होत नाही आणि फळ कापलं तरी चालतं. फणसाआधी मात्र खोबरेलच, हाताला आणि पात्याला दोन्हीला. धारेसाठी महागडा दगड नको. गॅरेजवाले रंगकामाला वापरतात तो वॉटर पेपर, 1000 नंबरचा, फरशीच्या सपाट तुकड्यावर ओला करून चिकटव. पातं साधारण वीस अंशांवर, म्हणजे दोन सेंटिमीटर रुंद पात्याच्या पाठीखाली सहा-सात मिलीमीटरची फट राहील इतकंच उचलून, पाजवत जा. एका बाजूने दहा वेळा, दुसऱ्या बाजूने दहा वेळा. बोटाला धारेच्या उलट बाजूला बारीक खरखर लागली की धार आली. मग जुन्या चामडी पट्ट्यावर उलट ओढून ती खरखर काढायची. घाईच्या वेळी चिनी मातीच्या कपाचं खालचं खरबरीत वर्तुळही चालतं, आई विळीला करते तसंच.

नाव घेऊनच सांगायचं तर स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्या बघ. 1891 पासून तिथे हे काम चाललं आहे. त्यांची कम्पॅनियन नावाची स्टेनलेस सुरी साधारण 10 सेंटिमीटर पात्याची आणि अडीच मिलीमीटर जाडीची असते, म्यान प्लॅस्टिकचं. तुझ्या मापाहून एक सेंटिमीटर जास्त, पण मूठ चारही बोटांची, आणि पातं मला हवं तसं पातळ. त्यांचीच एल्ड्रिस साधारण 6 सेंटिमीटरची, खिशात मावणारी. मी कम्पॅनियन सुचवेन. म्यान मात्र आल्याआल्या गादीवर उलटं धरून हलवून बघ. ढिलं निघालं तर दुकानदाराला परत कर, संकोच करू नकोस.

आणि ती काळ्या मुठीची आली तर मुठीच्या मागच्या टोकाला लाल दोरीचा तुकडा घट्ट बांधून ठेव. पोफळीच्या पाचोळ्यात पडलेली काळी मूठ शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि अंधार पडल्यावर ती सापडली ती पायाला लागून.